रिपोर्ट रुग्णाच्या हाती, पण वाचायचा कुणी?

रक्ततपासणीचा रिपोर्ट आता मोबाइलवर येतो. डॉक्टरांकडचा नंबरही बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरूनच लावावा लागतो. डोळस माणसाची सोय झाली. पण ज्याला दिसत नाही त्याचे काय?

दृष्टिहीन माणसेही मोबाइल वापरतात, हे अनेकांना ठाऊक नसते. पडद्यावरची अक्षरे फोन त्यांना वाचून दाखवतो. मात्र कागदी रिपोर्टचा फोटो पाठवला, तर त्यातले आकडे फोनला धड वाचता येत नाहीत. माझ्या एका दृष्टिहीन रुग्णाला दर वेळी शेजारच्या मुलाकडून रिपोर्ट वाचून घ्यावा लागतो. साखरेचा रिपोर्ट असेल तर एक वेळ ठीक. पण एचआयव्हीचा असला तर? आपला आजार आधी आपल्याला कळावा, एवढा हक्क रुग्णाला हवाच.

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा देणे सरकारी तसेच खासगी सेवा देणाऱ्यांवर बंधनकारक आहे. त्यात संगणक व मोबाइलवरील सेवाही आल्या. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना ऑनलाइन ओळख पटवताना डोळे मिचकावता येत नव्हते. त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

हे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांसाठी आहे, असे आमगाव-तिरोड्याच्या लॅबचालकांनी समजू नये. कायद्यातील २१ प्रकारांत आपल्या भागात आढळणारा सिकलसेलही आहे, आणि तो दृष्टिपटलाला इजा करू शकतो. मधुमेह व मोतीबिंदूने नजर अधू झालेले तर घरोघरी आहेत.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. लॅबने फोटोऐवजी संगणकातूनच तयार केलेली अक्षरांची पीडीएफ पाठवावी. दवाखान्याच्या वेबसाइटवर प्रत्येक बटणाला नाव द्यावे, अक्षरे ठळक ठेवावीत. नवे सॉफ्टवेअर घेताना ‘दृष्टिहीनांना चालेल का?’ असे विक्रेत्याला विचारावे. फोनवरून नंबर लावण्याची सोय मात्र बंद करू नये.

रुग्णांनीही वाचता येईल असा रिपोर्ट हक्काने मागावा. दाद मिळाली नाही, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. दवाखान्याच्या दारात उतार असावा, हे आता आपल्याला पटले आहे. मोबाइल हेही दवाखान्याचे दारच आहे.