शुगर विचारली, काम नाही विचारलं

वहिनीला सहावा महिना होता. दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. शुगर १५८. या तपासणीत १४० किंवा त्यावर आकडा गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. सिस्टर म्हणाल्या, "गोड बंद कर, भात कमी कर. घरात कुणाला शुगर आहे का?" वहिनी नाही म्हणाली. मी घरातली पहिली पदवीधर, शेजारीच उभी. पण पहिले तीन महिने ती कपाशीच्या फवारणीला जात होती, हे माझ्याही तोंडून निघालं नाही.

फवारणी पुरुषाचं काम समजतात. पंप त्याच्या पाठीवर असतो, हे खरं. पण पाणी आणायचं, टोपणानं औषध मोजायचं, बादलीत ढवळायचं आणि पंप भरून द्यायचा, हे बाईकडे. (विषाला आम्ही 'औषध'च म्हणतो.) हातमोजे कुणी देत नाही.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी कुटुंबांतल्या अकरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००७ साली छापून आला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्यांनी शेतात कीटकनाशक मिसळलं किंवा फवारलं, त्यांच्यात या मधुमेहाची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. २०१७ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या खेड्यांत पाहिलं, तर ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांशी नेहमी संबंध येणाऱ्यांत मधुमेह सुमारे तिप्पट होता. उंदरांमध्ये त्यांना कारणही सापडलं: आतड्यातले जिवाणू हे रसायन फोडतात, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल निघतं आणि शरीर त्याची साखर बनवतं. तो अभ्यास गरोदर बायांचा नव्हता. वहिनीची शुगर फवारणीमुळेच वाढली, असंही मी म्हणणार नाही. पण विचारलंच नाही तर कळणार कसं?

२०११ च्या जनगणनेनुसार शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातींच्या लोकांत बहुसंख्य शेतमजूर आहेत. सातबारा ज्याचा, औषधाची निवड त्याची. ढवळणारा हात आमच्या घरातला, आणि दवाखान्यात दोष मात्र तिच्या ताटाला. गरोदर बाईच्या कार्डावर तिच्या कामाची नोंद झाली पाहिजे, आणि फवारणी टाळली म्हणून बुडालेली रोजी सरकारनं भरून दिली पाहिजे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी.

पुढच्या तपासणीला मी वहिनीच्या कार्डाच्या कोपऱ्यात स्वतःच्या पेनानं लिहिलं: 'पहिले तीन महिने फवारणीचं औषध मिसळलं.' सिस्टर म्हणाल्या, हे कशाला? डॉक्टरांनी मात्र वाचलं आणि विचारलं, कोणतं औषध? वहिनीला नाव माहीत नव्हतं. बाटली मालकाच्या घरी होती.