नसबंदी झाली, खांबावरची सही राहिली

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जिथून उचलले तिथेच सोडा, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानकांतून पकडलेली कुत्री मात्र परत तिथे सोडू नयेत, असा आदेश आला. या साऱ्या वादात एक समजूत सरसकट ऐकू येते: नसबंदी केली की कुत्रा शांत होतो. ती अर्धीच खरी आहे.

खांबापाशी टांग वर करणारा कुत्रा तिथे निरोप ठेवत असतो. नर की मादी, ओळखीचा की परका, मादी माजावर आहे का, हे पुढचा कुत्रा हुंगून ओळखतो. ही माहिती मेंदूतील अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस या भागांत पोहोचते. तिथे टेस्टोस्टेरॉनचा अंमल चालतो. १९८४ मध्ये सोनेरी हॅमस्टरच्या हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन टोचले, तेव्हा ते कुशीवरच्या गंधग्रंथी घासून खुणा करू लागले. वृषण काढलेल्या हॅमस्टरमध्ये हाच परिणाम मंदावतो.

मग नसबंदी झालेला कुत्रा खुणा का करतो? संप्रेरक आटते, पण त्याने आधी घडवलेली मेंदूतील जोडणी आणि सवय उरते. अनेक नरांत खुणा कमी होतात, काहींत जवळपास तशाच राहतात. भीतीपोटी, अन्नावरून किंवा पिल्लांसाठी होणारा चावा तर या शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरचाच.

मादीचे गणित निराळे. अंडाशय काढले की माजाचा वास थांबतो, त्या वासामागे जमणारी नरांची टोळी आणि त्यांची भांडणेही थांबतात. शिवाय पिल्ले होत नाहीत, म्हणून पिल्लांसाठीचा चावाही टळतो. त्यामुळे वॉर्डात एकूण किती शस्त्रक्रिया झाल्या यापेक्षा त्यात माद्या किती, हे पालिकेला विचारावे. रेबीजपुरते बोलायचे तर नसबंदी नव्हे, लसच कामाची. जागतिक आरोग्य संघटना निदान ७० टक्के कुत्र्यांना ती द्या म्हणते. आणि कुत्रा चावलाच, तर तो नसबंदी झालेला आहे का हे पाहत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.