वाडीतला पाला: कार्तिक ते फाल्गुन

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरा पाळणाऱ्या घरांत पालेभाजी पुन्हा ताटात येते. फाल्गुन शुद्ध चतुर्दशीला ती परत बंद होते. मधला काळ सुमारे ११७ दिवसांचा. त्यातून अष्टमी आणि चतुर्दशी या पर्वतिथी वजा केल्या की जमेस शंभरच दिवस उरतात. दिगंबर घरांतील नियम निराळा असला तरी वर्षाकाळात पाला सोडणारी मंडळी तेथेही पुष्कळ.

वैनगंगेकाठच्या आरमोरीत हा हिशेब निसर्गाशी चांगलाच जुळतो. पावसाळ्यात तरोट्यासारख्या रानभाज्या बाजारात येतात, पण नेमक्या त्याच वेळी पानापानावर जीवजंतू असतात. धान कापणीला येते, थंडी पडते आणि घरामागच्या वाडीत कोवळ्या पाल्याचा खरा हंगाम सुरू होतो. तेव्हा निवड करायची ती या शंभर दिवसांसाठी.

मेथी व पालक यांची पहिली कापणी महिन्याभरात मिळते. म्हणून कोजागरीच्या सुमारास पेरणी केली तर कार्तिक पौर्णिमेला पाने तयार. चातुर्मासात माती न उकरण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांचा एक महिना येथे जातो. तो खुशाल जाऊ द्यावा. पालक मुळासकट न उपटता दोन बोटे वर कापला, तर दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फुटतो. आंबट चुकाही तसाच. कच्च्या कोशिंबिरीत त्याची चार पानेही पुरतात. ज्याला झाडीपट्टीत सांबार म्हणतात, त्या कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन दळे करावेत व रात्रभर भिजवून पेरावेत. तिला दीड महिना लागतो आणि कापणी फार तर दोनदा होते, म्हणून तिचे वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकणे हिताचे. हरभऱ्याच्या चार ओळी लावल्या तर शेंडे खुडावेत. खुडल्याने झाड अधिक फुटते.

हल्ली तरुण मंडळींना लेट्यूस हवे असते. त्याला नकार देण्याचे कारण नाही, मात्र गड्डा धरणारी जात टाळावी. कोबीच्या पदरांत जीव दिसत नाही म्हणून जी गृहिणी कोबी घेत नाही, तिला गड्ड्याचे लेट्यूस तरी कसे चालावे? सुट्या पानांच्या जातीचे प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहता येते. बी उन्हाच्या तडाख्यात उगवत नाही. ते दिवाळीनंतर पेरावे आणि त्यावर मातीचा नुसता हात फिरवावा, कारण त्याला उजेड लागतो. फेब्रुवारीच्या उन्हात ते तुरा काढते व कडू होते. मुळ्याची पाचही अंगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत त्याच्या पाल्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरी कसोटी माव्याची. ढगाळ हवेत तो येतो आणि फवारणी म्हणजे हिंसा. आल्यावर उपाय शोधण्यापेक्षा त्याला आमंत्रण न देणे बरे. मोहरी त्याची विशेष आवडती, म्हणून या वाडीत मोहरी नकोच. युरियाने पाने लुसलुशीत होतात आणि माव्याला तीच हवी असतात. जुने शेणखत पुरे. वाफ्यात दाटी करू नये. एवढे करूनही एखाद्या रोपावर मावा बसलाच, तर ते रोप त्याला सोडून द्यावे. बाजारातील जुडीवर काय फवारले हे कळत नाही, त्या मानाने एका रोपाचा हा तोटा फार नव्हे.

फाल्गुन चतुर्दशीला कोथिंबीर वाफ्यात उभी राहिली तर ती उपटू नये. तिला पांढरी फुले येतात, मधमाश्या जमतात आणि पुढे धणे धरतात. ते वाळवून कापडी पिशवीत भरून ठेवावेत, पुढच्या पेरणीपर्यंत.