पाळक कोणी निवडायचा? एका रूक्ष समितीमागचा एकशे बासष्ट वर्षांचा झगडा

#इतिहास #थ्रेड

१/
२१ जानेवारी १८४१. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील मार्नोक हे खेडे. बाहेर सर्वत्र बर्फ साचलेला आणि चर्च माणसांनी खचाखच भरलेले. नव्या पाळकाच्या पदग्रहणाचा विधी सुरू होण्यापूर्वी मंडळीच्या वतीने निषेध वाचला गेला. मग गावातील माणसे आपापली बायबले उचलून उभी राहिली आणि एकामागून एक बर्फात चालती झाली. मागे उरले ते बहुतांशी तमाशा पाहायला आलेले परगावचे लोक. त्यांच्यासमोर मार्नोकला त्याचा पाळक ‘मिळाला’.

२/
या पाळकाचे नाव जॉन एडवर्ड्स. तो गावाला अनोळखी नव्हता. पूर्वी तेथेच साहाय्यक म्हणून राहिला होता आणि लोकांना तो नको होता, तो नेमका या ओळखीमुळे. नियमाप्रमाणे मंडळीने पाळकाला ‘पाचारणपत्र’ द्यायचे असते. एडवर्ड्सच्या पाचारणपत्रावर गावातील एकाच माणसाची सही होती, आणि तो होता गावचा सराईवाला. सुमारे ३०० कुटुंबप्रमुखांपैकी २६० जणांच्या आसपास विरोधात उभे होते. तरीही नेमणूक झाली, कारण जमीनदार घराण्याच्या विश्वस्तांनी त्याचे नाव दिले होते आणि न्यायालय त्यांच्या बाजूने होते.

३/
आज चर्च ऑफ स्कॉटलंडच्या एखाद्या मंडळीत पाळकाची जागा रिकामी झाली, की मंडळी आपल्यातूनच एक समिती निवडते. मग बैठका होतात, अर्ज वाचले जातात, दूरच्या चर्चमध्ये जाऊन प्रवचने ऐकली जातात, इतिवृत्ते लिहिली जातात. इतिहासाच्या पुस्तकात अशा कामाला सहसा अर्धी ओळही मिळत नाही. हा अन्याय आहे. त्या कंटाळवाण्या समितीमागे खटले, सैनिक, बहिष्कार आणि एका राष्ट्रीय चर्चची उभी फाळणी आहे.

४/
मुळापासून पाहू. १५६० साली जॉन नॉक्स आदींच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली. नव्या चर्चच्या पहिल्या शिस्तग्रंथातच प्रत्येक मंडळीने आपला पाळक स्वतः निवडावा, हे तत्त्व मांडलेले होते. परंतु तत्त्व एकीकडे आणि जमीन दुसरीकडे. पाळक नेमण्याचा हक्क जुन्या काळापासून राजा, उमराव, नगरपालिका यांच्याकडे होता. अशा हक्कदाराला ‘पेट्रन’ म्हणत. हा हक्क वारसाने मिळे, विकतही घेता येई. मराठी वाचकाला तो ‘वतन’ या शब्दाने चटकन उमगेल. गावाच्या आत्म्याची काळजी कोणी घ्यायची, हेच कोणाचे तरी वतन होते.

५/
हे वतन १६४९ मध्ये रद्द झाले, राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर परत आले, १६९० मध्ये पुन्हा रद्द झाले. १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांचे एकीकरण झाले, तेव्हा स्कॉटिश चर्चची व्यवस्था अबाधित राहील अशी हमी दिली गेली. ती हमी पाच वर्षे टिकली. १७१२ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा करून पेट्रनचा हक्क परत आणला. इकडे त्या वेळी साताऱ्यास शाहू छत्रपतींचा जम बसत होता. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळायला एक वर्ष होते.

६/
कायद्याने पाचारणपत्र रद्द केले नाही, त्याचा केवळ प्राण काढून घेतला. पेट्रन नाव देई, प्रेसबिटरी म्हणजे आसपासच्या चर्चची विभागीय सभा ते मान्य करी, आणि मंडळीच्या मूठभर सह्या उपचारापुरत्या घेतल्या जात. पण पोकळ झालेला विधीही जपून ठेवण्यासारखा असतो. कागदावर ‘मंडळी बोलावते’ हे शब्द उरले होते, म्हणूनच ‘पण आम्ही बोलावलेच नाही’ असे म्हणायला लोकांना जागा उरली.

७/
आणि लोक तसे म्हणू लागले. नको असलेला पाळक आला की गावकरी चर्चची वाट अडवीत. स्थानिक प्रेसबिटरीलाही कित्येकदा अशा नेमणुकीत हात घालायचा नसे. मग महासभा बाहेरच्या पाळकांची एक समिती पाठवी. हे लोक घोड्यावरून येत, पदग्रहण उरकत आणि परत जात. त्यांना ‘रायडिंग कमिटी’ असे नाव पडले. काही ठिकाणी त्यांच्यासोबत सैनिकही असत. म्हणजे पाळकाच्या नेमणुकीसाठी ‘समिती’ तेव्हाही होती. फरक एवढाच की ती मंडळीकडून निघत नसे, मंडळीवर चालून येत असे.

८/
१७५२ मध्ये महासभेने याहून कठोर वाट धरली. बाहेरून समिती न पाठवता इन्व्हरकीदिंग येथील नको असलेल्या पाळकाचा विधी स्थानिक प्रेसबिटरीनेच करावा, असा हुकूम सुटला. टॉमस गिलेस्पी या पाळकाने विवेकाला स्मरून नकार दिला आणि त्याला पदच्युत करण्यात आले. त्यातून पुढे ‘रिलीफ’ नावाचे वेगळे चर्च निघाले, १७६१ साली, म्हणजे पानिपतच्याच वर्षी. एबेनेझर अर्स्किन आणि त्याचे सहकारी तर १७३३ मध्येच बाहेर पडले होते. नको त्या पाळकापुढे बसण्यापेक्षा चर्च सोडणे बरे, असे हजारो लोकांनी ठरवले.

९/
येथे दुसरी बाजूही ऐकायला हवी. पेट्रनचा हक्क मानणारे सारेच जुलमी नव्हते. इतिहासकार विल्यम रॉबर्टसनसारखे ‘मॉडरेट’ गटाचे विद्वान कायद्याची शिस्त महत्त्वाची मानत. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले, की लोकांनी पाळक निवडण्याच्या पद्धतीमुळे गट पडतात आणि धर्मवेडाला खतपाणी मिळते. एडिनबरोच्या ज्या बौद्धिक बहराचे आज कौतुक होते, त्यात पेट्रनने नेमलेल्या सुशिक्षित, उदार पाळकांचा वाटा होता. गर्दी नेहमी शहाणीच निवड करते, असा दावा तेव्हाही खोटा ठरला असता.

१०/
तरीही स्मिथचा मुद्दा प्रश्नाला पुरा पडत नाही. ‘चांगला पाळक कोणाला मिळेल?’ हा एक प्रश्न. ‘पाळक कोणाला उत्तरदायी असेल?’ हा दुसरा. ज्याच्या शब्दाने पद मिळते, त्याच्या घराकडे माणसाचे डोळे लागतात. जमीनदाराने नेमलेला पाळक कुळांना जमिनीवरून हुसकावले जात असताना काय बोलेल? काही बोललेही. पण त्यांना आपल्या नेमणुकीच्या विरुद्ध दिशेने पोहावे लागले. चांगल्या माणसाला प्रवाहाविरुद्ध पोहायला लावणारी व्यवस्था, तिने काही चांगली माणसे निवडली म्हणून चांगली ठरत नाही.

११/
१८३४ मध्ये महासभेतील बहुमत पालटले आणि ‘व्हेटो कायदा’ झाला. पेट्रनने नाव द्यावे, पण मंडळीतील बहुसंख्य पुरुष कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर ती नेमणूक बाद. लगेच कसोटी लागली. ऑख्टरार्डर येथे अर्ल ऑफ किनूल यांनी रॉबर्ट यंगचे नाव दिले. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८०हून अधिक जणांनी नकार नोंदवला. पाचारणपत्रावर सही करणारे गावकरी होते दोन. प्रेसबिटरीने यंगला नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

१२/
१८३८ मध्ये स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयाने आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, तो चर्चच्या विरोधात. सार असे : पेट्रनचा हक्क कायद्याने दिलेला आहे, चर्चने उमेदवाराचे शिक्षण, आचरण आणि मते तपासावीत, तो मंडळीला हवा की नको, हा मुद्दा पात्रतेत येत नाही. कायद्याच्या अक्षराला हा निकाल कदाचित धरूनही असेल. पण त्याने एक गोष्ट उघडी पाडली. मंडळी ही कायद्याच्या दृष्टीने नेमणुकीची पक्षकारच नव्हती. मार्नोकची माणसे बर्फात चालत गेली, ती हे कळल्यानंतर.

१३/
१८ मे १८४३. एडिनबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले, वाकून नमस्कार केला आणि ते दाराकडे निघाले. मागोमाग टॉमस चामर्स, आणि मग रांगच्या रांग. सारे चालत टॅनफील्डच्या सभागृहात गेले आणि तेथे फ्री चर्चची स्थापना झाली. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४५०हून अधिक जणांनी राष्ट्रीय चर्च सोडले. पगार, राहते घर, चर्चची इमारत, सारे मागे राहिले.

१४/
किंमत मोठी होती. अनेक जमीनदारांनी नव्या चर्चला जागाच नाकारली. स्ट्रॉन्शियन येथे तर लोकांनी १८४६ मध्ये क्लाइड नदीवरील कारखान्यातून एक तरंगते चर्च बांधून घेतले आणि ते सुनार्ट खाडीत नांगरले. जमीन जमीनदाराची, पण पाणी नव्हे! उपासनेला शंभर माणसे चढली की ते इंचभर खाली बसे, अशी आठवण तेथे सांगितली जाते. मतमोजणीची इतकी प्रामाणिक पद्धत क्वचितच आढळेल.

१५/
या फाळणीची लाट मुंबईलाही पोहोचली. गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन तेव्हा मायदेशाच्या प्रवासात होते. त्यांनी आणि मुंबईतील त्यांच्या स्कॉटिश सहकाऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली, आणि शाळेच्या नव्या इमारतीवरचा हक्क सोडून पुन्हा नव्याने सुरुवात केली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनीही तेच केले. विल्सन यांच्यासोबत गेलेले धनजीभाई नवरोजी हे पारशी तरुण या काळात एडिनबरोत शिकत होते. तेथे हिल आणि ॲडमसन या जोडीने काढलेले त्यांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

१६/
पण येथेच इतिहास एक अवघड प्रश्न विचारतो. मंडळीच्या हक्कासाठी घरदार सोडणारे हे लोक. मग मराठी मंडळ्यांचे पाळक कोण ठरवत होते? दीर्घकाळ मिशनच. पैसा परदेशातून येत होता आणि पैशामागून शब्द येतो. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन यांनी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वतः प्रसार करणाऱ्या मंडळीचे तत्त्व मांडले होते. १८५४-५५ च्या दौऱ्यात त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनलाही भेट दिली. तत्त्व स्पष्ट होते, व्यवहार मागे रेंगाळला. पेट्रन नेहमी उमरावाच्या वेषात येतो असे नाही; कधी तो हितचिंतकाच्या वेषातही येतो.

१७/
अखेर १८७४ मध्ये संसदेने पेट्रनचा हक्क रद्द केला आणि निवड मंडळीकडे दिली. १७१२ ते १८७४, एकशे बासष्ट वर्षे. दुरावलेल्या चर्चची मुख्य धारा राष्ट्रीय चर्चमध्ये परत आली ती आणखी उशिरा, १९२९ मध्ये. चूक दुरुस्त व्हायला कायद्याची एक ओळ पुरली. चुकीने तुटलेले जोडायला आणखी पंचावन्न वर्षे लागली.

१८/
हक्क मिळाला आणि स्मिथचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. सगळ्यांनी मिळून निवडायचे म्हणजे कसे? एकामागून एक उमेदवार व्यासपीठावर उभे करायचे, म्हणजे प्रवचनांचे फड रंगणार आणि मंडळीत तट पडणार. समिती हे त्यावरचे उत्तर. २००३ च्या नियमांनुसार मंडळी आपल्या सदस्यांतून जास्तीत जास्त तेरा जणांची नामनिर्देशन समिती निवडते. प्रेसबिटरीने नेमलेला हंगामी अध्यक्ष मार्गदर्शन करतो. समिती शोध घेते, ऐकते, भेटते आणि शेवटी एकच नाव मंडळीपुढे ठेवते.

१९/
खरी खुबी यापुढे आहे. तो उमेदवार मंडळीपुढे उपासना चालवतो, आणि मग गुप्त मतदान होते. मंडळीने नाकारले तर शोध नव्याने सुरू. स्वीकारले तर पाचारणपत्रावर सदस्य सह्या करतात आणि प्रेसबिटरी ते तपासून मान्य करते. समिती सुचवते, ठरवत नाही; मंडळी ठरवते, पण एकटी नाही. १७१२ नंतर पोकळ झालेले पाचारणपत्र येथे पुन्हा भरले गेले. तेरा माणसांच्या कंटाळवाण्या बैठका हे त्या भरण्याचे काम आहे.

२०/
म्हणून समितीला क्षुल्लक समजणे चूक, तशीच तिला पवित्र समजणेही चूक. १८३४ च्या ‘लोकांच्या’ नकारात केवळ पुरुष कुटुंबप्रमुख मोजले गेले. त्याच बाकांवर बसणाऱ्या स्त्रियांचे मत कोणी विचारले नाही. स्त्रियांना पाळकपद खुले व्हायला १९६८ उजाडले. प्रत्येक समितीकडे पाहताना दोन प्रश्न विचारावेत : तिला कोणी निवडले, आणि तिच्यात कोण नाही? बंद दाराआड एकच नाव ठरवणारी समिती पेट्रन बनू शकते; तिला रोखते ते केवळ मंडळीचे शेवटचे मत.

२१/
मार्नोकच्या लोकांसाठी पुढे नवे चर्च उभे राहिले. त्यांनी त्या दिवशी दगड उचलला नव्हता की घोषणा दिली नव्हती. त्यांनी फक्त रिकामे बाक मागे ठेवले. माणसाला पद देता येते, पण ऐकणारे कान देता येत नाहीत. ते ज्याचे त्यानेच द्यायचे असतात. शाळेच्या, संस्थेच्या किंवा गावाच्या कुठल्याही निवड समितीत बसण्याची वेळ आली आणि तिसऱ्या तासाला जांभई आली, तर ते बाक आठवावेत.

(समाप्त)