प्रेमाची भेट आणि चाकांची खुर्ची

लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीला साडी किंवा एखादा दागिना देण्याची मध्यमवर्गाची रीत जुनी आहे. आता त्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. पत्नी एकटी परदेशी निघाली असेल किंवा परतणार असेल, तर पतीने तिच्या नकळत विमानतळावरील सरबराई विकत घेऊन ठेवायची. मग तिच्या नावाची पाटी घेतलेला गणवेशधारी माणूस सामोरा येतो, हमाल सामान उचलतो, विजेवर चालणारी छोटी गाडी पायपीट वाचवते, आणि जेथे वेगळी वाट राखलेली असेल तेथे रांगही चुकते. मुंबईच्या विमानतळावर ही सेवा 'प्रणाम' या नावाने विकली जाते. ज्या शब्दाने आजवर माणूस माणसाचे विनामूल्य स्वागत करीत आला, त्या शब्दाचेही आता दरपत्रक झाले आहे.

अशी भेट देणाऱ्या पतीची टवाळी करून विषय संपवणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. त्याच्या मनातील भावना खोटी नाही. विमानतळ ही सामान्य माणसाला बुजवणारी जागा आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच अमेरिकेला एकटी निघालेली सांगली-साताऱ्याकडची आई असो, की तान्हे मूल कडेवर घेऊन आखातातील नवऱ्याकडे निघालेली रत्नागिरीची तरुणी असो, तिच्यापुढे इंग्रजी सूचनांचे, कागदपत्रांचे, तपासण्यांचे आणि दारांच्या क्रमांकांचे जंगल उभे असते. अशा वेळी वाट दाखवणारे, ओझे उचलणारे कोणी जवळ असावे, ही खरी गरज आहे. प्रश्न असा आहे की, ही गरज भागवण्याची जबाबदारी कोणाची? आणि जी जबाबदारी होती, ती चैनीची वस्तू कशी झाली?

याच विमानतळावर १२ फेब्रुवारी २०२४ रोजी जे घडले, त्याचा येथे विचार करावा लागतो. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध दांपत्य मुंबईत उतरले. दोघांनीही चाकांच्या खुर्चीची मागणी आधीच नोंदवलेली होती. प्रत्यक्षात खुर्ची एकच मिळाली. ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांनी पत्नीला खुर्चीत बसवले आणि स्वतः तिच्यासोबत पायी चालू लागले. पारपत्र तपासणीच्या जागेजवळ ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. खुर्च्यांना मागणी फार होती, त्यांना थांबण्याची विनंती केली होती, असा खुलासा कंपनीने केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड ठोठावला.

त्या वृद्धानेही पत्नीला भेटच दिली होती. स्वतःच्या वाट्याची विश्रांती तो तिच्यामागून चालत राहिला. वास्तविक चालण्यास असमर्थ असलेल्या प्रवाशाला ही मदत विनामूल्य मिळाली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे जेथे पैसे मोजणाऱ्या धडधाकट माणसासाठी गाडी, हमाल आणि हसतमुख सोबती वेळेवर हजर असतात, तेथेच कायद्याने ज्याचा हक्क मान्य केला त्या ऐंशी वर्षांच्या माणसासाठी एक खुर्ची वेळेवर येऊ शकली नाही. या दोन व्यवस्था वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, हे तांत्रिक उत्तर खरे असेल; पण त्याने समाधान होत नाही. विक्रीची व्यवस्था चोख आणि हक्काची व्यवस्था अपुरी, हाच या रचनेचा स्वभाव आहे. ज्या सेवेला किंमत लावता येते ती वाढते. जी फुकट द्यावी लागते तिच्यावर काटकसरीचा पहिला घाव पडतो. आणि सार्वजनिक सोय जितकी तोकडी, तितका खाजगी सोयीचा धंदा तेजीत चालतो.

'ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने तो खर्च केला, त्यात दुसऱ्याचे काय गेले?' असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु विमानतळ हे काही कोणाच्या घरचे अंगण नाही. मुंबईचा विमानतळ २००६ साली खाजगी कंपनीकडे चालवण्यास दिला गेला आणि २०२१ मध्ये तो अदानी समूहाच्या ताब्यात आला; तरी सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा त्यात २६ टक्के वाटा आहे आणि जमीन जनतेची आहे. शिवाय सुरक्षा तपासणी आणि पारपत्र तपासणी ही शासनाची कामे आहेत. शासनासमोरील रांग ही लोकशाहीतील समतेची एक साधी खूण आहे. तेथे आजारी, वृद्ध, गर्भवती यांना पुढे सोडावे, यावर कोणाचे दुमत नाही; कारण तेथे गरज पाहिली जाते. पैसा पाहून पुढे सोडणे ही निराळी गोष्ट आहे.

ही वाट कोठे जाते हे अमेरिकेत दिसले आहे. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २०१७ साली धनिकांसाठी स्वतंत्र इमारत उघडण्यात आली. सरकारी तपासनीस तेथेच येतात आणि प्रवाशाला मोटारीने थेट विमानाच्या पायथ्याशी पोहोचवले जाते. मुख्य इमारतीतील गर्दीची दृश्ये दाखवणारा एक पडदाही तेथे प्रवेशापाशी ठेवला होता, असे वृत्त 'गार्डियन' दैनिकाने त्या वेळी दिले. इतरांचे हाल डोळ्यांसमोर असल्याखेरीज स्वतःच्या सुखाची किंमत वसूल झाल्यासारखी वाटू नये, ही विषमतेची शेवटची पायरी म्हटली पाहिजे.

आता ज्याच्या खांद्यावर ही सरबराई उभी आहे, त्या माणसाकडे वळावे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कालिना येथे विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी सरकारी मालकीच्या एका कंपनीने भरती ठेवली. जागा सुमारे २,२००. आणि तरुण लोटले ते वृत्तपत्रांच्या म्हणण्याप्रमाणे २५ हजारांच्या आसपास. चेंगराचेंगरीची वेळ आली. त्या नोकऱ्याही कायमच्या नव्हत्या, ठरावीक मुदतीच्या कराराच्या होत्या. महाराष्ट्रातील हमालांनी दीर्घ लढा देऊन १९६९ साली माथाडी कायदा मिळवला, आणि ओझे वाहणाऱ्यालाही भविष्यनिर्वाह निधी व हक्काची मजुरी असते हे मान्य करून घेतले. त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत विमानांचे ओझे वाहण्यासाठी तरुणांना असे एकमेकांना रेटावे लागते, ही शरमेची बाब आहे. माणसे कमी म्हणून खुर्ची मिळत नाही, आणि कामासाठी माणसे रस्त्यावर रेटारेटी करतात! या दोहोंची गाठ घालण्याची इच्छाच व्यवस्थेला नाही.

समाजवाद्यांना सुखसोयींचे वावडे आहे, असा एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो. त्याला मधु दंडवते यांनी कृतीने उत्तर दिले होते. १९७७ च्या जनता सरकारात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंची गादी बसवण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून घेणे हा त्यांचा मार्ग नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचीही पाठ दुखते, एवढेच त्यांनी ओळखले. त्यानंतर आपल्या पत्नीची पाठ दुखू नये म्हणून दुसऱ्या वर्गाने जाणाऱ्या नवऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत. तिच्याबरोबर डब्यातील प्रत्येकाची सोय झाली.

विमानतळाबाबतही हाच मार्ग आहे. किती खुर्च्यांची मागणी आली आणि किती वेळेवर दिल्या, हे प्रत्येक विमान कंपनीने जाहीर करावे. एस.टी. स्थानकावर जशी चौकशीची खिडकी असते, तशी स्थानिक भाषेत वाट दाखवणारी, सामानाला हात लावणारी माणसे विमानतळावर विनामूल्य असावीत. शासकीय तपासणीच्या रांगेत पैशाच्या बळावर पुढे जाता येऊ नये. आणि ही कामे करणाऱ्यांना कायम नोकरी व संघटनेचा हक्क मिळावा.

विमानाने जाणारे ते सारे श्रीमंत, त्यांच्या प्रश्नांत कशाला पडायचे, असे म्हणून कार्यकर्त्यांनी या विषयाकडे पाठ फिरवू नये. आखातातील सुतार, गवंडी आणि परिचारिका याच दारांतून ये-जा करतात. त्यांच्या कुटुंबीयांच्या सह्या, विमानतळ कामगारांच्या संघटना आणि अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे गट एकत्र आणले, तर वरील मागण्या महासंचालनालयाच्या दारी आणि संसदेत नेता येतील. त्या मान्य झाल्या, तर पतीने पत्नीला खुशाल साडी द्यावी. तिचा हात धरून विमानापर्यंत नेण्याची हमी समाजाने घेतलेली असेल.