दूध कमी, की माप चुकीचं?



मागच्या अंकात आम्ही कुकरच्या रिंगबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय सिलिकॉनचाच, पण थोडा नाजूक आहे. पुरुष वाचकांनी पान उलटू नये. बऱ्याच घरांत पंपाचे भाग धुण्याचं काम त्यांच्याकडेच असतं.

इथे अमेरिकेत बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच अनेकींना कामावर परतावं लागतं. मग घरात ब्रेस्ट पंप येतो. 2010 च्या कायद्यामुळे बहुतेक आरोग्य विमा योजनांना तो द्यावाच लागतो. खोक्यातून जे निघेल ते आपण जोडतो आणि वापरायला लागतो. गोची तिथेच होते.

आमच्या घरी असंच झालं. पंप लावला की डोळ्यांत पाणी यायचं आणि बाटलीत जेमतेम औंसभर दूध. भारतातून आलेल्या आईंनी अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं सुरू केलं. फोनवर कोणीतरी म्हणालंच, "हिला मुळात दूधच कमी." आम्हा दोघांनाही ते पटायला लागलं होतं. पावडरच्या दुधाचा डबा सामानाच्या यादीत चढला होता. शेवटी एका लॅक्टेशन कन्सल्टंटने आमच्यासमोर पाच मिनिटं पंप चालवून पाहिला आणि पर्समधून पट्टी काढली. स्तनाग्राचं माप निघालं 15 मिलिमीटर, आणि आम्ही लावत होतो 24 चा फ्लँज! प्रयोगशाळेत मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणारी आम्ही माणसं, घरी पट्टी लावायचं सुचलं नाही.

फ्लँज म्हणजे स्तनावर बसणारं फनेल. त्यावरचा आकडा फनेलच्या पसरट तोंडाचा नसतो, आतल्या नळीच्या व्यासाचा असतो. बऱ्याच पंपांबरोबर 24 चा येतो, कधी जोडीला 21 किंवा 28 चा. माप घ्यायचं ते पंप करण्याआधी, स्तनाग्राच्या बुडाशी, आडवं. भोवतीचा गडद भाग त्यात धरायचा नाही. इंचाची बाजू उपयोगाची नाही. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उत्तम. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या, कारण त्या सारख्या असतीलच असं नाही. आलेल्या आकड्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवून सुरुवात करावी. काहींना त्याहून घट्टही सोयीचा वाटतो. लहान मापासाठी नवा पंप घ्यायला नको, फ्लँजच्या आत बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात. काही आठवड्यांनी माप बदलू शकतं, तेव्हा पुन्हा पट्टी लावावी.

पंप चालू असताना नीट पाहावं. नळी सैल असेल तर गडद भागही आत ओढला जातो आणि नंतर सूज दिसते. घट्ट असेल तर स्तनाग्र भिंतीला घासतं, कधी पांढरं पडतं. बरोबर मापात ते मोकळेपणी पुढे-मागे होतं. आणि दुखत असताना पान्हा फुटत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो; वेदना आणि ताण असला की ते अडखळतं. आपण मात्र दूध येत नाही म्हणून सक्शन वाढवतो, मग आणखी दुखतं. बटण जिथे सोसवतं तिथेच ठेवावं.

दुसरा चोर म्हणजे व्हॉल्व्ह. सिलिकॉनचा हा चिमुकला तुकडा रोजच्या वापराने सैल पडतो, त्याची फट नीट मिटत नाही आणि सक्शन जातं. कुकरच्या रिंगसारखंच. शिट्टी होत नाही म्हणून आपण कुकर फेकत नाही. व्हॉल्व्ह दिवसातून अनेकदा वापरात असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा. घासू नये म्हणून काहीजणी फ्लँजला खोबरेल लावतात. तेलाने सिलिकॉन फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून आधी पंपाचं माहितीपत्रक वाचावं. भाग वेगळ्या टबात साबणाच्या गरम पाण्याने धुवावे, हळदीच्या पातेल्यांबरोबर सिंकमध्ये नकोत, आणि हवेवर वाळू द्यावे.

मंडळात पाळणे, कार सीट, स्वेटर हातोहात फिरतात, ते चांगलंच आहे. पंप मात्र फिरवू नका. विम्यातून मिळणारे साधे पंप एकीनेच वापरायचे असतात, नळ्या बदलल्या तरी. अनेकींसाठी बनवलेले पंप वेगळे. ते भाड्याने मिळतात आणि प्रत्येकीचा संच स्वतंत्र असतो.

माप जुळवूनही दुखत असेल, चिरा पडल्या, किंवा ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला तर लाडवांवर न थांबता डॉक्टरांना फोन करावा.

आमच्याकडे 17 चा इन्सर्ट आल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. दूध काही एकदम दुप्पट झालं नाही, पण पावडरचा डबा यादीतून उतरला. अळीवाची खीर चालूच राहिली. ती आता आम्ही दोघंही खातो.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉलमागची लहान खोली पंप करणाऱ्या आयांसाठी ठेवली आहे. आतून कडी आहे, भिंतीत प्लग आहे. किल्ली तिळगुळाच्या टेबलावर मागावी. पट्टीही तिथेच ठेवू.