विश्लेषण : मासेमारी बंदीत होडी ठेवायची कुठे? मुंबई उपनगरातल्या छोट्या मच्छीमारांसमोरचा जागेचा प्रश्न

मे महिना संपत आला की वेसावे, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात एकच लगबग सुरू होते. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस राज्यात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि खवळलेल्या समुद्राचाही. बंदीआधी जाळी उतरवायची, इंजिन काढायचं आणि होडी किनाऱ्यावर ओढून शाकारायची, हा कोळीवाड्यांचा ठरलेला क्रम. यातलं बाकी सगळं अजून जमतं. होडी ओढून ठेवायला मोकळी वाळू मात्र दर वर्षी थोडी कमी सापडते.

वरवर हा प्रश्न पार्किंगचा वाटतो. पण शेतकऱ्याला बैल बांधायला गोठाच उरला नाही तर त्याच्या शेतीचं काय होईल, तसाच हा प्रश्न आहे. छोटा मच्छीमार धंद्यात टिकणार की नाही, हे यावर ठरतं.

शाकारणी म्हणजे नेमकं काय?

मोठे ट्रॉलर पावसाळ्यातही खाडीत नांगर टाकून उभे राहू शकतात. त्यांच्यावर राखणदार ठेवता येतो. वीस-पंचवीस फुटांच्या होडीला ते परवडत नाही आणि तिला ते झेपतही नाही. पावसाचं पाणी आत साचलं, उपसायला कुणी नसलं, की ती जागेवरच बुडते. म्हणून तिला वर घ्यावीच लागते.

ओढण्याचं काम भरती ठरवते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते, तर भांगाच्या दिवसांत पाणी त्यामानाने बरंच खाली राहतं. उधाणाच्या पाण्यावर तरंगत होडी जितकी वर आणता येईल तितकं पुढचं ओढणं कमी. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाचे दोन-तीन दिवस आणि त्यातले भरतीच्या टोकाचे काही तास, एवढीच सोयीची वेळ हाती असते. त्या वेळात होडीखाली लाकडी ओंडके किंवा पाइप सरकवायचे, दोर लावायचा आणि दहा-पंधरा जणांनी मिळून ती वर न्यायची. होडी फायबरची असली तरी तिचं वजन इंजिन काढल्यावरही शेकडो किलो असतं. ती चौघांना उचलता येत नाही.

इथे एक अडचण अलीकडची आहे. पूर्वी ओढायला घरची आणि शेजारची माणसं असायची. आता बऱ्याच नौकांवर बाहेरच्या राज्यांतून आलेले खलाशी काम करतात आणि हंगाम संपताच ते गावची गाडी पकडतात. म्हणजे हात लागतात नेमके तेव्हाच ते कमी पडतात. जिथे किनाऱ्यापर्यंत रस्ता जातो तिथे क्रेन मागवता येते, पण तिचं भाडं मोजावं लागतं. छोट्या होडीवाल्याला बंदीच्या तोंडावर, पुढचे दोन महिने कमाई नसताना, तोच खर्च जड जातो.

होडी वर आली की तिचा तळ ओल्या वाळूला टेकू नये म्हणून खाली लाकडं द्यायची, दोन्ही बाजूंना टेकू लावायचे, तळाचं बूच काढून ठेवायचं आणि वर ताडपत्री बांधायची. पूर्वी यासाठी नारळाच्या झावळ्यांची झापं वापरत. झापांमधून हवा खेळायची. ताडपत्री पाणी अडवते, पण घट्ट बांधली तर आत दमट कोंडतं आणि लाकूड कुजतं, म्हणून कडेला फट ठेवावी लागते. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटी भरणं, तेल-राळ लावणं, फायबरच्या होडीचे तडे बुजवणं, रंगकाम, ही सगळी कामंही या दोन महिन्यांतच होतात. त्यासाठी होडीभोवती माणसाला फिरता यायला हवं.

आता हिशोब करून पाहा. पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद होडी स्वतःच 175 चौरस फूट जागा घेते. भोवती काम करण्यापुरती जागा धरली तर 300 चौरस फूट सहज लागतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईत एका कुटुंबाला मिळणारं घरही 300 चौरस फुटांचंच असतं.

मग होडी दुसरीकडे का नेत नाहीत?

समाजमाध्यमांवर हा प्रश्न हमखास विचारला जातो. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी आणि ती थेट घराच्या अंगणात, असं दिसतं. ते इथे का जमत नाही, याचं उत्तर सोपं आहे. अंगण नाही. आणि ज्या कोळीवाड्याच्या गल्लीतून दोन दुचाकी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथून ट्रेलर वळणार कुठून?

शिवाय ट्रेलर हे कायद्याने वाहनच. मोटार वाहन कायद्यानुसार त्याची वेगळी नोंदणी लागते आणि वर्षातले उरलेले दहा महिने तो उभा करायलाही जागा हवीच. भाड्याचा टेम्पो घ्यावा तर 14 किंवा 17 फुटी हौद्यातून होडी मागे आठ-दहा फूट बाहेर येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा ठरलेल्या मापाबाहेर आलेला माल नेण्याला 20 हजार रुपये दंड आहे. पुरेसा लांब ट्रक मिळाला तरी चढवायला एकदा आणि उतरवायला एकदा क्रेन लागते.

खरं म्हणजे पाण्यावर असेपर्यंत होडीला वाहतुकीची अडचणच नसते. वेसावे ते मढ खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. तेच अंतर रस्त्याने वळसा घालून वीसेक किलोमीटर होतं. होडी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेणं सोपं आहे. पण तिथल्या वाळूवर तिथल्याच गावच्या होड्या उभ्या असतात.

वाळू कुणाच्या मालकीची?

गोम इथे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ सरकारच्या मालकीचा. भरतीरेषेच्या वरची पट्टीही बहुतेक ठिकाणी सरकारी किंवा कुठल्या ना कुठल्या यंत्रणेच्या ताब्यातली. कोळी समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या लावत आला, जाळी वाळवत आला, पण त्या जागेचा उतारा त्याच्या नावावर नाही.

गावाकडे गुरांसाठी गुरचरण असतं. याच अधिनियमाच्या कलम 22 खाली गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. गुरचरणांवर अतिक्रमणं होतात हे खरं, पण निदान ‘ही जागा गुरांची होती’ असं दाखवायला कागद असतो. होड्यांच्या वाळूसाठी तसा कागद सहसा नसतो.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सीआरझेड’ने, हे दुरुस्त करण्याचा मार्ग दिला होता. 2011 च्या अधिसूचनेत स्थानिक नकाशांवर मासेमारी गावं, मच्छीमारांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवण्याच्या जागा दाखवाव्यात असं म्हटलं होतं. बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या हद्दी नोंदवण्याचाही तिच्यात स्वतंत्र उल्लेख होता. पुढे 2019 ची अधिसूचना आली, तिच्यानुसार नवे नकाशेही झाले. मात्र आपल्या सामाईक जागा या नकाशांवर नीट उतरल्या नाहीत, ही मच्छीमार संघटनांची तक्रार कायम आहे.

याचा परिणाम नवा प्रकल्प आला की दिसतो. नकाशावर ती वाळू रिकामी दिसते. पाहणी ऑक्टोबर ते मे या काळात झाली तर प्रत्यक्षातही ती बरीचशी रिकामीच दिसते, कारण होड्या तेव्हा पाण्यात असतात. वर्षातून काही महिनेच भरणारी जागा ‘वापरात नाही’ असं ठरवणं फार सोपं असतं. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामासाठी जुहू कोळीवाड्याजवळच्या किनाऱ्याच्या वापरावरून झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी असाच प्रश्न होता. शहरात वरळीच्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधलं अंतर 60 वरून 120 मीटर करून घेतलं, तेही अनेक वर्षं भांडल्यावर, 2022 च्या अखेरीस. तिथे मुद्दा होडीच्या वाटेचा होता. वाट निदान मोजून दाखवता येते.

दरम्यान किनारा प्रकल्पांशिवायही आक्रसतो आहे. कुठे लाटा वाळू खाऊन नेतात, कुठे संरक्षक भिंत उभी राहते आणि भिंतीवरून होडी वर घेता येत नाही. खाडीत गाळ साचल्याने ओहोटीला नौका जागेवरच टेकतात. कोळीवाड्यातली घरं वाढली, दुचाकी-चारचाकी वाढल्या आणि त्या सगळ्यांना मोकळी दिसणारी जागा तीच होती. हे अतिक्रमण सगळंच बाहेरच्यांनी केलेलं नाही, हेही सांगायला हवं.

मुलुंड-घाटकोपरकडे चित्र वेगळं आहे का?

पूर्व उपनगरांना खाडी आहे, पण ती लोकांच्या नजरेआड. वस्ती आणि ठाणे खाडीच्या मध्ये पूर्व द्रुतगती महामार्ग, मिठागरं आणि तिवरांचं जंगल येतं. 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड बेकायदा ठरवली आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. खाडी जिवंत राहायला हे हवंच होतं, कारण खाडीतल्या मासळीची पिलं तिवरांच्या मुळांतच वाढतात. पण त्यामुळे इथे होडी वर घ्यायला नवा पक्का धक्का किंवा शेड बांधणं अवघड झालं. चिखलातच होडी बांधून ठेवणं आणि येऊन-जाऊन पाणी उपसणं हाच मार्ग उरतो.

जागा नसली तर बिघडतं काय?

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. बंदीला अजून दोन आठवडे होते, म्हणजे नौका पाण्यातच होत्या. इशारा काही दिवस आधी मिळाला होता आणि समुद्रात गेलेल्या अनेक नौका वेळेत परतल्याही. तरी किनाऱ्यालगत नांगरलेल्या कित्येक होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या, काही बुडाल्या. वाऱ्यापासून माणूस घरात लपतो. होडीला लपायला वाळूच हवी आणि तीही दोन दिवसांत सगळ्यांना पुरेल एवढी. मे महिन्यात कशीबशी, आळीपाळीने पुरणारी जागा अशा वेळी पुरत नाही. अरबी समुद्रातल्या तीव्र चक्रीवादळांचं प्रमाण वाढत असल्याचं हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत, म्हणून ही गरज आता फक्त जून-जुलैची राहिलेली नाही.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत सवलतीची वाट त्यामुळे मोकळी झाली. कर्जावर नवी फायबर होडी घेता येईल. ती ठेवायची कुठे, याचं उत्तर मात्र या निर्णयात नाही.

काय करता येईल?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावाला नौकांसाठी बंदर नाही. तिथल्या होड्या आजही यंत्राने गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. किनारा अपुरा पडू लागला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी जाळी ठेवायला उंचच उंच, अरुंद लाकडी खोपटी बांधली. जाळी वर गेली, खालची जागा होड्यांना राहिली. ती काळी खोपटी आता पर्यटकांचं आकर्षण आहेत, आणि त्यांच्यासमोरचा किनारा होड्यांचाच आहे.

मुंबईत यातलं थोडं उचलता येईल. जाळी आणि इंजिनं ठेवायला सामाईक दुमजली गोदाम, वर ओढायला सामाईक विंच, भिंत बांधायचीच असेल तर तिच्यात होडी जाईल एवढा उतार. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून मासळी उतरवण्याच्या केंद्रांना निधी मिळतो, त्यात हे बसवण्याची मागणी सोसायट्यांना करता येईल.

पण त्याआधी करायचं काम बिनखर्चाचं आहे आणि म्हणूनच बहुधा ते रेंगाळतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळ्या होड्या वर असताना, प्रत्येक कोळीवाड्याच्या किनाऱ्याची मोजणी करायची आणि होड्या उभ्या आहेत ती रेषा नकाशावर घ्यायची. ऑक्टोबरात जाऊन उपयोग नाही. तेव्हा तिथे क्रिकेट खेळणारी मुलं असतात आणि कडेला लावलेल्या गाड्या.